चार नटांची चाळीस वर्षं

आमचे नाना चाकाचे नट पायाने आवळत. जॅक काढला की पाना नटावर आडवा लावायचा, वहाण बाजूला काढायची, एका हाताने टपाचा आधार घ्यायचा आणि पान्यावर उभं राहून दोन हिसके द्यायचे. दुसऱ्या हिसक्याला ‘कट्’ असा आवाज येई. त्या आवाजावर नानांचा गाढ विश्वास. “आता ब्रह्मदेव आला तरी सुटायचं नाही,” म्हणायचे. ब्रह्मदेव कधी आला नाही. पुढच्या पंक्चरला आम्ही दोघे भाऊ मात्र यायचो आणि पान्यात नळाचा तीन फुटी पाईप घालून लोंबकळायचो.

नानांचं वजन सत्तर किलो, पाना फूटभर लांब. हिशेब केला तर नुसतं उभं राहूनच सुमारे दोनशे न्यूटन-मीटर जोर पडतो, हिसके वेगळेच. आजच्या बहुतेक मोटारींची पुस्तिका ८५ ते १२० च्या दरम्यानचा आकडा सांगते. म्हणजे नाना दर वेळी जवळपास दुप्पट आवळत होते. पण १९८० च्या आसपास आमच्या पद्मिनीची पुस्तिका होती कुठे? गाडी तिसऱ्या हाताची. पुस्तिका पहिल्याच मालकाकडे राहिली असणार.

पद्मिनीच्या डिकीतलं पाचवं चाक म्हणजे ‘स्टेपनी’. हा शब्द वेल्समधल्या लनेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला काढलं. तिकडे लोक तो शब्द विसरले, आपण मात्र मराठीसुद्धा करून घेतला. ते मूळचं स्टेपनी चाक पंक्चर झालेल्या चाकावरच अडकवायचं असे, नट खोलायची भानगडच नव्हती. ती नंतर आली, आणि तिच्याबरोबर नानांचा पायही आला.

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची चावी ग्राहकाच्या हाती दिली. आमच्या दारात मारुती यायला आणखी सहा-सात वर्षं गेली. बारा इंची चाकं, प्रत्येकाला चार नट. चाक इतकं हलकं की आई म्हणाली, “हे काय खेळण्यातलं आहे का?” नानांचा पाय मात्र तोच. डब्यातला पाना आखूड होता तो नानांना कंपनीचा कद्रूपणा वाटे. लांब पान्याला माणूस नको तितका आवळतो, आखूड पान्याला आवर बसतो, हे मला फार उशिरा कळलं. त्यात नाना नटाच्या आट्यांना ग्रीसचं बोट पुसायचे, पुढच्या वेळी सुटायला सोपं जावं म्हणून. कोरड्या आट्यांवर पान्याचा जेमतेम दहावा हिस्सा जोर खरा कामी येतो, बाकीचा घर्षणात जिरतो. ग्रीस लावलं की तेवढ्याच जोरात स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा दांडा, कितीतरी जास्त ताणला जातो. थोडक्यात, नाना दोन्हीकडून जास्त आवळत होते.

स्टडला मी स्प्रिंग समजतो. नट आवळला की तो केसभर ताणला जातो आणि मूळ लांबीवर परतू पाहताना चाकाला हबवर दाबून धरतो. गाडी पेलली जाते ती या दाबातून येणाऱ्या घर्षणामुळे. नट ढिला राहिला तर स्प्रिंग ताणलीच जात नाही, चाक हबवर सूक्ष्म सरकत राहतं आणि तेवढ्या हालचालीने उरलेले नटही सुटत जातात. अति आवळला तर स्टडची गत धुऊन धुऊन सैल झालेल्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखी. आवळलेलं दिसतं, धरून काही ठेवत नाही.

पहिला प्रकार मी अनुभवला तो १९९७ किंवा ९८ ला. कोल्हापूरहून पुण्याला येताना साताऱ्याच्या अलीकडे पंक्चर काढलं. दुकानातल्या पोराने नट बोटांनी फिरवले, जॅक उतरवला, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तो तिकडे पळाला. मी पैसे देऊन निघालो. वीसेक किलोमीटरवर मागून ठक-ठक सुरू झालं. रस्ता खराब असेल म्हणून मी आणखी दोन किलोमीटर काढले. उतरून पाहतो तर डाव्या मागच्या चाकाचे दोन नट गायब, उरलेले दोन शेवटच्या आट्यावर, आणि चाकाची भोकं लंबगोल व्हायला लागलेली. दुसऱ्या एका चाकाचा एक नट काढून इथे लावला. दोन चाकांना तीन-तीन आणि दोन चाकांना चार-चार नट घेऊन मी चाळिशीच्या वेगाने घरी आलो. नाना एवढंच म्हणाले, “पाय नाही लावला ना?”

त्यानंतर काही वर्षं मीही पाय लावत होतो.

मग बंदूक आली. २००२ मध्ये पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला, गाड्यांचा वेग वाढला, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक सगळीकडे दिसू लागले, पत्र्याच्या चाकांच्या जागी मॅगव्हील आली आणि शहरातल्या टायरच्या दुकानांत हवेवर चालणारी नटाची गन ‘टर्र’ करू लागली. हमरस्त्यावर केरळच्या मंडळींनी चालवलेल्या कितीतरी पंक्चरच्या दुकानांत मात्र लांब पाना अजूनही हातात असायचा, आणि मला तो माणूस जास्त भरवशाचा वाटायचा. हातावर निदान अंदाज कळतो. गनवाल्याला फक्त आवाज ऐकू येतो, आणि ती गन पाचशे न्यूटन-मीटरच्या पुढेही सहज जाते. नानांचे दोनशे म्हणजे त्यापुढे लाडच. शिवाय गनवाला एक नट पूर्ण आवळून मगच शेजारच्या नटाकडे वळतो. पाच नट असतील तर चांदणी काढतात तसं एक सोडून एक जायचं, चार असतील तर फुली मारायची, तेही दोन-तीन फेऱ्यांत, म्हणजे चाक सरळ बसतं. तसं झालं नाही तर डिस्क वाकडी ताणली जाते आणि महिन्या-दोन महिन्यांनी ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं. मग गॅरेजवाला पॅड बदलतो, डिस्क बदलतो, बिल लावतो. नटाकडे कोणी बघत नाही.

२०१४ च्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात आमचं चाक बसलं. चार महिन्यांपूर्वी गनने आवळलेल्या नटावर मी पाना लावून चक्क नाचलो. तीन नट सुटले, चौथ्याचा स्टडच मोडून हातात आला. भाचा बरोबर होता, इंजिनिअर. घरी आल्यावर त्यानेच मला टॉर्क रेंच आणून दिला. ठरवलेला जोर झाला की तो ‘टक्’ करतो. नानांच्या ‘कट्’ची आठवण झाली, पण या आवाजामागे आकडा होता. अशा पान्याचं श्रेय न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनराड बार यांना दिलं जातं, १९१८ च्या सुमाराचं. नळाचे बोल्ट माणसं फाजील आवळत होती म्हणून त्यांनी डोकं चालवलं. आम्ही नळाचा पाईप पान्यात घालत होतो, त्याच्याही किती आधीची गोष्ट ही!

चुका मोठ्यांच्याही होतात. १९८७ च्या हंगेरीच्या फॉर्म्युला वन शर्यतीत नायजेल मॅन्सेल सहा फेऱ्या उरल्या असताना पुढे होता, तेव्हा त्याच्या विल्यम्सचा चाकाचा नट निसटला आणि शर्यत नेल्सन पिकेने जिंकली. २०२१ मध्ये मोनॅकोत वाल्तेरी बोटासच्या मर्सिडीजचं उलट झालं. गनने नटाचे कंगोरेच घासून काढले, चाक निघेना, आणि ते सुटलं ते इंग्लंडमधल्या कारखान्यात, ४३ तासांनी. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने ट्रकची चाकं निखळून माणसं मेल्यावर १९९७ मध्ये कायदाच केला. चाक सुटलं की गुन्हा झाला, ‘आम्ही काळजी घेतली होती’ हा बचाव तिथे ऐकला जात नाही. मला तो कायदा कठोर वाटत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. स्टेपनीही चालली आहे. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर छोट्या प्रवासी गाडीला जादा चाक नसलं तरी चालेल, असा नियम ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. म्हणजे यापुढे चाक काढणार तो दुकानवाला, गन घेऊन.

तेव्हा त्याला सांगा, गनने नुसते टेकव, शेवटचा फेर हाताने दे, फुली मारून. चाक जमिनीला लागल्यावर, ग्रीस न लावता. तो तोंड वाकडं करील, करू द्या. आणि पन्नास-साठ किलोमीटरवर चहाला थांबलात की चहाच्या आधी पाना काढून चारही नट एकदा बघा. पाय मात्र लावू नका.