नंबर आपला, गाडी दुसऱ्याचीच

कल्याणहून रोज वागळे इस्टेटला कामावर येणाऱ्या माणसाची स्कूटर दिवसभर कंपनीच्या आवारात उभी असते आणि दुपारी मोबाइलवर मेसेज येतो: पनवेलला सिग्नल तोडला, दंड भरा. असं झालं की माणूस आधी घाबरतो, मग चिडतो आणि ‘कटकट नको’ म्हणून पैसे भरून मोकळा होतो. भरू नयेत. ही चूक होते कशी हे एकदा समजलं, की ती खोडायची कशी तेही कळतं.

चौकातला कॅमेरा गाडी ओळखत नाही, पाटी वाचतो. त्याच्याजवळचा दिवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. पाटीचा चमकता पृष्ठभाग तो आला त्याच दिशेने परत पाठवतो, म्हणून रात्रीही पाटी उठून दिसते. संगणक चित्रातून पाटीचा चौकोन शोधतो, एकेक अक्षर सुटं करतो आणि ते ओळखायला बघतो. त्याला ‘हा पाचच’ असं ठाम उत्तर कधीच मिळत नाही. पाच असण्याची शक्यता इतकी, सहा असण्याची इतकी, एवढंच हाती येतं. पाटीवर चिखल उडाला असेल किंवा स्क्रू नेमका आकड्यावर बसला असेल, तर या दोन शक्यता अगदी जवळ येतात. कल्याणचा ०५ आणि पेणचा ०६, नवी मुंबईचा ४३ आणि वसईचा ४८ यांच्यात फरक तो केवढा!

त्यात वेगाची भर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडं राहिलं तरी तेवढ्यात गाडी दीड सेंटिमीटरहून जास्त सरकते. मोटारीच्या पाटीवरच्या आकड्याची रेघ नियमाने १० मिलिमीटर जाड असते. गाडी सरळ समोरून येत असेल तर फारसं बिघडत नाही. तिरक्या कोनातून टिपली की रेघा पसरतात आणि पाचाचं उघडं पोट मिटून सहा होतो. शिवाय प्रत्येक चलान कॅमेऱ्याचं नसतं. हवालदार फोटो काढून हातातल्या मशिनमध्ये नंबर टाकतात, आणि गर्दीच्या वेळी एखादं बटण चुकीचं दाबलं जातं.

पण माझ्या मते मूळ दुखणं गाडीच्या नंबरातच आहे. आधारचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. डच गणितज्ञ व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही पद्धत एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर लगेच पकडते. बँकेच्या कार्डावरही असा पडताळणीचा अंक असतो. गाडीच्या नंबराला तो नाही. ‘भारत’ म्हणजे बीएच मालिकेच्या नंबरांत एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरं वगळली आहेत, पण ती खबरदारी वाचण्यापूर्वीची. चुकीचा वाचलेला नंबर बाद ठरत नाही. तो कुणाचा तरी खराखुरा नंबर निघतो आणि दंड त्याच्या दारात जातो.

ब्रिटनमधल्या बाथ शहरात २०२१ साली याची कमाल झाली. बसच्या मार्गिकेतून चालणाऱ्या एका बाईच्या टी-शर्टवर इंग्रजीत ‘निटर’ लिहिलेलं होतं. पर्सचा पट्टा मधल्या अक्षरांवर आला, कॅमेऱ्याने त्या शब्दाचा नंबर केला आणि दंडाची नोटीस दूर सरे परगण्यातल्या एका व्हॅनमालकाला गेली. फोटोत गाडीच नव्हती! माणसाने एकदा फोटो पाहिला असता, तर ती नोटीस निघालीच नसती. आपल्याकडे ‘वाहन’ प्रणालीत प्रत्येक नंबरापुढे गाडीची कंपनी, मॉडेल आणि रंग नोंदलेला आहे. फोटोतली गाडी त्या नोंदीशी जुळते का, हे मेसेज सुटण्याआधीच तपासलं पाहिजे. संगणकाला स्कूटर आणि टेम्पोतला फरक आज सहज कळतो.

तोवर ही पडताळणी आपणच करायची. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक पोर्टलवर चलानासोबत फोटो दिसतो. तो मोठा करून पाहा: रंग, आरसे, मडगार्ड, सीट, पाटीवरच्या अक्षरांची ठेवण. मग तिथेच तक्रार नोंदवा. सोबत आरसी आणि आपल्या गाडीचा पुढून-मागून काढलेला फोटो जोडा. कंपनीच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये गाडी आत-बाहेर गेल्याची वेळ लिहिलेली असेल, तर त्या पानाचा फोटोही घ्या. मोटार असेल तर फास्टॅगच्या नोंदी काढा.

फोटोत आपलाच नंबर स्पष्ट दिसतोय आणि गाडी मात्र वेगळी आहे, तर प्रकरण वाचनचुकीचं नाही, नकली पाटीचं आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईत असंच उघडकीला आलं. रतन टाटांच्या मोटारीच्या नंबरावर चलानं येत होती. तपासात निघालं, की एका महिलेने अंकशास्त्राच्या नादाने तोच नंबर स्वतःच्या गाडीला लावला होता. कॅमेरा पाटीवरचा प्रत्येक आकडा बरोबर वाचत होता. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि चलानं तिच्या गाडीकडे वळवली. लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदाच बसणारं कुलूप असलेल्या नव्या उच्च सुरक्षा (एचएसआरपी) पाटीमुळे अशी नक्कल अवघड झाली आहे, अशक्य नाही. म्हणून अशा वेळी पोर्टलवरच्या तक्रारीवर थांबू नका, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. एक चलान रद्द झालं तरी ती नकली पाटी रस्त्यावर फिरतच असते, आणि पुढच्या चलानाच्या वेळी ही पोचच कामाला येते.