पत्र्याचा विमा, परक्याचा जीव

चेन्नईत खरा पाऊस पडतो तो ऑक्टोबरनंतर. त्या पावसाच्या तोंडावर एका रविवारी माझा पुतण्या अड्यारच्या घरी आला. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो पंधरा वर्षे नोकरी करतो आहे. लहानपणापासून मनात असलेली दोन आसनांची स्पोर्ट्स कार घ्यायचे त्याने ठरवले होते. ‘‘काका, गाडी मी निवडतो, विम्याचे तुम्ही बघा. तुम्ही परिवहन खात्यात होतात ना,’’ असे म्हणत त्याने सहा विमा कंपन्यांच्या देकारांचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. इतिहासाचा विद्यार्थी आणि सरकारी नोकरीतला माणूस या दोन्ही नात्यांनी मला तक्ते वाचायची सवय आहे. हा तक्ता मात्र मी दोनदा वाचला आणि दुसऱ्या वेळी अस्वस्थ झालो.

आधी गाडीची निवड. स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत अश्वशक्ती आणि शंभरचा वेग किती सेकंदांत गाठला जातो हे मोठ्या अक्षरांत असते. चेन्नईत राहणाऱ्याने आधी पाहावे ते गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे. अशा बहुतेक गाड्यांत हे अंतर अकरा-बारा सेंटिमीटरच्या आसपास असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. म्हणजे नियमानुसार बांधलेल्या गतिरोधकावरूनही ही गाडी जेमतेम निसटते. आणि आपल्या गल्ल्यांतले गतिरोधक नियमानुसार बांधलेले नसतात, हे नगरपालिकांच्या फायली हाताळलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

त्यात पाण्याची भर. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाचा इशारा मिळताच वेळाचेरीच्या रहिवाशांनी आपल्या गाड्या तिथल्या उड्डाणपुलावर नेऊन रांगेत उभ्या केल्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मुसळधार पावसाचा इशारा आला तेव्हा पुन्हा तेच दृश्य दिसले. सरकारी पूर व्यवस्थापनावर जनतेने दिलेला तो अभिप्रायच होता. तेव्हा पुतण्याला मी पहिला प्रश्न विचारला, ‘‘तुझ्या इमारतीचा वाहनतळ तळघरात आहे की जमिनीवर?’’ तो तळघरात होता.

या प्रश्नामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. १ डिसेंबर २०१५ च्या रात्री अड्यार नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा माझी साधी सेदान दोन दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर मी केला तो मूर्खपणा त्या आठवड्यात या शहरात असंख्य लोकांनी केला. मी किल्ली फिरवली. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही. त्यामुळे आतले दांडे वाकतात आणि इंजिन निकामी होते. विमा कंपनीने पुराने झालेले नुकसान मान्य केले. इंजिनाचे मात्र नाही. ते ‘परिणामजन्य नुकसान’ ठरले, कारण ते पुराने नव्हे, माझ्या किल्लीने झाले होते. विमापत्रात तसे स्पष्ट लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते, एवढेच. इंजिन संरक्षणाचे पूरक कवच तेव्हा माझ्याकडे नव्हते. चेन्नईत महागडी गाडी घेणाऱ्याने ते घ्यावे आणि बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नये, ती ओढून न्यावी, हा माझा पहिला सल्ला.

दुसरा सल्ला घसाऱ्याचा. गाडीची विमा उतरवलेली किंमत पहिल्या सहा महिन्यांतच पाच टक्क्यांनी घटते, वर्षाअखेर पंधरा टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. दुरुस्तीच्या वेळी रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के आणि फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो. स्पोर्ट्स कारचा बाह्यभाग बऱ्याच अंशी याच पदार्थांचा असल्याने शून्य-घसारा कवच तिथे चैन ठरत नाही. दुरुस्तीचा खर्च विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी संपूर्ण हानीत धरली जाते. तेव्हा मिळणारी रक्कम आणि मूळ बिलाची रक्कम यांतली दरी भरून काढणारे कवचही वेगळे घ्यावे लागते.

तिसरी गोष्ट पुतण्याला ठाऊकच नव्हती. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची सुमारे ३.७ किलोमीटरची धावपट्टी आहे. हा क्लब १९५३ चा. त्याच्या शर्यती पूर्वी शोळावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या विमानतळावर होत. वेगाची हौस शहरातल्या रस्त्यांवर न भागवता तिथे भागवावी, असा शहाणा बेत पुतण्याने केला होता. पण खासगी गाडीच्या नेहमीच्या विमापत्रात संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठी केलेला वापर वगळलेला असतो. ज्या कामासाठी ही गाडी बनवली गेली, नेमके तेच काम विम्याच्या बाहेर!

इथवर आमचे बोलणे तासभर रंगले. मग माझे लक्ष तक्त्याच्या तळाशी असलेल्या ओळीकडे गेले. ती त्रयस्थ व्यक्तीच्या, म्हणजे थर्ड पार्टी विम्याची होती. सहाही रकान्यांत एकच आकडा होता : तीन वर्षांसाठी २४,५९६ रुपये. मी तिथे बोट ठेवताच पुतण्या म्हणाला, ‘‘ती ओळ सोडा काका, ती सगळीकडे सारखीच आहे. सरकारी आहे.’’

माझी अस्वस्थता इथेच सुरू झाली. कारण साऱ्या तक्त्यात कायद्याने सक्तीची असलेली ओळ ती एकच होती.

ब्रिटनने १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने त्रयस्थ विमा सक्तीचा केला. आपल्याकडे तो १९३९ च्या मोटर वाहन कायद्यात आला आणि त्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षभर आधी, लागू झाली. आज तीच तरतूद १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ मध्ये आहे. तिच्यामागचा विचार सोपा आणि थोर होता. तुमच्या गाडीचा पत्रा वाचवायचा की नाही हे तुम्ही ठरवा. मात्र तुमच्या गाडीखाली येऊ शकणाऱ्या अनोळखी माणसाची भरपाई तुमच्या ऐपतीवर किंवा मर्जीवर सोडता येणार नाही. मोटर विम्याच्या संपूर्ण इमारतीचा पाया हा आहे. आम्ही तासभर गच्चीवरच्या कुंड्यांची चर्चा करत होतो.

आता या ओळीचा हिशेब पाहा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी मोटारींचे तीन गट आहेत. वार्षिक हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये. म्हणजे कुटुंबाला तिरुपतीला नेणारी डिझेलची इनोव्हा क्रिस्टा आणि तीन लिटर इंजिनाची पोर्शे ९११ यांचा हप्ता एकच. विजेच्या गाड्यांत ६५ किलोवॉटच्या वर सर्वांना ६,७१२ रुपये. शक्ती मग त्याच्या पाचपट का असेना. चालकाची वर्तणूक तर हिशेबात कुठेच नाही. दावा न करणाऱ्याला मिळणारी ५० टक्क्यांपर्यंतची सवलत स्वतःच्या गाडीच्या हप्त्यावर असते. दहा वेळा सिग्नल तोडणारा आणि कधीच न तोडणारा, दोघेही त्रयस्थाच्या जिवासाठी सारखेच पैसे भरतात.

याउलट तमिळनाडू सरकारला गाडीची किंमत नीट कळते. नोव्हेंबर २०२३ पासून वीस लाखांवरच्या मोटारीला आजीवन कर २० टक्के आहे. गाडी एक कोटीची धरली तर तिजोरीत वीस लाख जातात आणि तिच्याखाली येऊ शकणाऱ्या माणसासाठी दिवसाला साधारण साडेबावीस रुपये. मैलापूरला फिल्टर कॉफीही बहुधा याहून महाग पडेल.

हा त्रयस्थ कोण असतो, हे मी पाहिले आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावर हातगाडी लावून कपडे इस्त्री करणाऱ्या गृहस्थांना एका मोटारीने उडवले. पाय कायमचा गेला. चेन्नईत मोटर अपघात दाव्यांचे न्यायाधिकरण म्हणून लघुवाद न्यायालय काम करते. त्यांच्यासोबत मी तिथे दोन-तीनदा गेलो. न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, रक्कमही बरी होती. पण त्या मोटारीचा विमा संपलेला होता आणि मालक घर बदलून गेला होता. विमा असता आणि चालकाकडे परवाना नसता, तरी न्यायालये कित्येकदा कंपनीला ‘आधी द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असे सांगतात. विमाच नसेल तर सांगायचे कुणाला? निकालाची प्रत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. २०१५ च्या पुरात तीही गेली. मला माझ्या इंजिनाचे पैसे मिळाले नाहीत म्हणून मी चरफडत होतो, त्याच आठवड्यातली ही गोष्ट.

अधिकृत अंदाजांनुसारच देशातल्या रस्त्यांवरची जवळपास निम्मी वाहने विम्याविना धावतात. त्यांत दुचाकी सर्वाधिक. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्या वर्षी सर्वाधिक अपघात तमिळनाडूत झाले, ६४,१०५. याच राज्यातले, कोइम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांच्या जनहित याचिकेतून सर्वोच्च न्यायालयाने नव्या मोटारींना तीन आणि दुचाकींना पाच वर्षांचा त्रयस्थ विमा विक्रीच्या वेळीच सक्तीचा केला. १ सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. पुतण्याच्या तक्त्यातला तीन वर्षांचा आकडा तिथून आलेला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणारी मोडकी हाडे पाहणाऱ्या डॉक्टरला जे दिसले ते आम्हा प्रशासकांना दिसायला हवे होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. नव्या वाहनांना पाच वर्षे ‘बंपर टू बंपर’, म्हणजे मालक, चालक आणि प्रवासी यांच्यासह सर्वंकष विमा सक्तीचा करावा, असा आदेश दिला. तो राबवणे शक्य नाही हे लक्षात आल्यावर न्यायालयाने सप्टेंबरात तो मागे घेतला आणि विषय कायदेमंडळाच्या विवेकावर सोपवला. विषय आजही तिथेच आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना १९ मे २०२४ ची पहाट आठवत असेल. पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. ती गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. तीनशे शब्दांच्या निबंधावर देश संतापला, ते योग्यच झाले. पण माझ्या कारकुनी नजरेला आणखी एक तपशील बोचला. केवळ १,७५८ रुपयांचे शुल्क भरले न गेल्याने त्या गाडीची कायम नोंदणी झालेली नव्हती, तरीही ती रस्त्यावर होती. एवढी महागडी गाडी आणि एवढे क्षुल्लक शुल्क! राज्ययंत्रणा कागद मागते. कागदाविना धावणारी गाडी थांबवत नाही.

मग करायचे काय? त्रयस्थ विम्याचे दर सरसकट वाढवले तर दुचाकीवाला विमा घेणेच सोडेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून वाढ वरच्या टोकाला हवी. सीसीऐवजी इंजिनाची शक्ती आणि चालकाच्या नावावरचे वाहतूक गुन्हे यांवर हप्ता ठरावा. जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने ‘जसे चालवाल तसा हप्ता’ या पद्धतीला परवानगी दिली, ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरती. तीच पद्धत त्रयस्थ विम्याला का नको? दुसरे म्हणजे, टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो त्या क्षणी विम्याची मुदतही तपासता येते. वाहनांची नोंद आणि विम्याची नोंद दोन्ही संगणकावर आहेत. त्यांची गाठ घालायची आहे. विम्याविना गाडी चालवल्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपये आहे. तो विम्याच्या हप्त्याहून कमी असेल, तर आकडेमोड करणारा माणूस विमा का घेईल?

आणि यातून वाढीव पैसा आला तर तो बेविमा वाहनांच्या बळींसाठी राखून ठेवावा. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या बळीच्या कुटुंबाला १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपये मिळतात. त्याआधी पंचवीस हजारच मिळत. वाहन सापडले, मालक सापडला, पण विमा आणि पैसा दोन्ही नाही, अशा इस्त्रीवाल्याला मात्र हातातल्या निकालपत्रापलीकडे काही मिळत नाही.

पुतण्याने अखेर गाडी घेतली. हौस हा गुन्हा नव्हे. इमारतीत जमिनीवरची जागा त्याने जास्त भाडे देऊन मिळवली आणि इंजिनाचे कवच घेतले. जाताना तो म्हणाला, ‘‘काका, ती शेवटची ओळ मी पुन्हा वाचली. त्यात माझ्यासाठी काहीच नाही.’’

‘‘म्हणूनच ती सक्तीची आहे,’’ मी म्हणालो.