खरेदीची तारीख

माझ्या वडिलांची समभागांची वही माझ्या संग्रही आहे; लाल पुठ्ठ्याची, शंभर पानी, तारीख, नग, भाव आणि शेवटच्या रकान्यात दलाली अशी कोरीव अक्षरांत लिहिलेली. वारशाने आलेले समभाग विकताना मूळ मालकाची खरेदीची किंमत आणि तारीखच कायदा ग्राह्य धरतो, हे कळले तेव्हा त्या वहीचे मोल मला उमगले.

करआकारणीचा सारा भार या तारखेवर असतो. बाजारात नोंदलेले समभाग बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकले, तर वर्षाकाठी सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढे साडेबारा टक्के कर. त्याआधी विकले तर वीस टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या समभागांना आणखी एक सवलत आहे: त्या दिवशीचा सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव यांतला जो कमी, तो मूळ किमतीहून अधिक असल्यास तोच खरेदीचा भाव मानतात.

खरी गफलत होते ती तुकड्यातुकड्यांनी केलेल्या खरेदीत. डिमॅट खात्यात जे प्रथम आले तेच प्रथम गेले, असे कायदा धरून चालतो. समजा, मे २०२२ मध्ये ४०० रुपयांनी १०० समभाग घेतले, नोव्हेंबर २०२४ मध्ये ७०० रुपयांनी आणखी १००, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ९०० रुपयांनी १०० विकले. धन्याच्या मनात नवे गेले, नफा वीस हजारांचा, अल्प मुदतीचा. वस्तुतः जुने गेले, नफा पन्नास हजारांचा, पण दीर्घ मुदतीचा. उरलेल्या शंभरांची मुदत नोव्हेंबरपासूनच मोजायची.

दलाली हिशेबात वजा होते, रोखे उलाढाल कर (एसटीटी) होत नाही, म्हणून त्यांचे रकाने निराळे हवेत. तोट्याचीही नोंद हवी. विवरणपत्र मुदतीत भरले, तर तो पुढील आठ वर्षे ओढता येतो. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रात विक्री दिसते, परंतु तिथली खरेदीची किंमत दर वेळी बिनचूक असतेच असे नाही.

मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दलालाच्या काँट्रॅक्ट नोटा वहीशी ताडून रुजुवात घेतो. गेल्या खेपेस बोनस समभागांची एक नोंद राहिलेली आढळली. किंमत शून्य, तारीख वाटपाची, अशी ती वडिलांच्याच वहीत पुढच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवली.