नाच पाहा, पण कॉफीपाशीही बसा

लालबाग, परळ, गिरगावातली मंडळी घेऊन मी दुबईला जाते. टूर मॅनेजरचं काम म्हणजे पासपोर्ट मोजायचे, माणसं मोजायची आणि डेझर्ट सफारीच्या दिवशी ‘दुपारी पोटभर जेवू नका हं’ म्हणून बजावायचं. तरी कोणीतरी बिर्याणीवर ताव मारतंच. मग लँड क्रूझर लहबाबच्या तांबूस टेकड्यांवर उसळू लागली की आवळासुपारीची पुडी मागच्या सीटपर्यंत फिरते.

वाळूत शिरण्याआधी ड्रायव्हर चाकांतली हवा कमी करतो. टायर पसरतो, भार विभागला जातो, गाडी रुतत नाही. पाठीचं दुखणं, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी मात्र या उड्यांच्या नादी लागू नये. थेट कॅम्पवर सोडणारी गाडी मागावी.

कॅम्पवर उंटाची फेरी, मेंदी, बार्बेक्यू आणि बेली डान्स. ड्रायव्हर बऱ्याचदा पठाण, आचारी मल्याळी. बेली डान्स काय किंवा घेरदार झग्याचा तनूरा काय, दोन्ही नाच इजिप्तचे. मग यात बेदुइनांचं, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांचं, काय?

एक म्हणजे तंबू. खरा बेदुइन तंबू शेळीच्या केसांचा, बायकांनी विणलेला. पाणी लागलं की केस फुगतात, वीण घट्ट होते आणि पाऊस आत येत नाही. ‘सदू’ नावाची ही विणकला युनेस्कोने 2011 साली तातडीने जपायच्या वारशात घातली.

दुसरी कॉफी, म्हणजे गहवा. वेलदोड्याचा वास आला की आमच्या मसालागल्लीच्या बायका लगेच ओळखतात. यजमान डाव्या हातात चोचीची किटली धरतो आणि उजव्या हाताने बिनकानाचा इवलासा कप पुढे करतो. कॉफी जेमतेम तळाशी. ‘एवढीशीच?’ एक काकू पुटपुटल्या. कप रिकामा झाला की तो पुन्हा ओततो, पुन्हा ओततो. पुरे असेल तर कप हलवून परत द्यायचा. काकूंना हे कळेपर्यंत चार कप झाले होते!

या बेदुइनांचा आपल्या मुंबईशी जुना व्यवहार आहे. लिवा मरुद्यानातले बानी यास जमातीचे पुरुष हिवाळ्यात उंट चारत आणि उन्हाळ्यात मोती काढायला समुद्रावर जात. ते मोती मुंबईच्या बाजारात येत. 1930च्या सुमारास जपानी संवर्धित मोत्यांनी हा धंदा बुडवला. आपला रुपया मात्र तिथे पुढेही चालत राहिला. 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि दुबईत त्या 1966 पर्यंत चालल्या. आणि वाळवंट ते समुद्र असं भटकणं ही बेदुइनांची हौस नव्हती. पाणी, चारा आणि हंगाम नेतील तिकडे जाणं होतं, आपल्या धनगरांच्या वाड्यासारखं.

तेव्हा नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा. बुकिंग करताना गाड्यांच्या उड्यांसोबत दुबईच्या संरक्षित वाळवंटातली सफारी मिळते का, तेही विचारा. 225 चौरस किलोमीटरच्या त्या राखीव प्रदेशात अरबी ऑरिक्स हरणं दिसतात. आणि नाच सुरू झाला की सगळे मंचाकडे धावतील तेव्हा दहा मिनिटं कॉफीवाल्यापाशी बसा. सफारीचे पैसे तिथे वसूल होतात.