संगणकातली गोधडी

पुस्तक छापून झाल्यावर चुका सापडल्या की प्रकाशक त्याला शुद्धिपत्र जोडतो. अमुक पान, अमुक ओळ. अशुद्ध काय, शुद्ध काय. मूळ पानं तशीच राहतात. मित्रहो, संगणकाच्या जगात अशा शुद्धिपत्राला ‘पॅच’ म्हणतात, म्हणजे ठिगळ.

कविता लिहिणाऱ्याने यात कशाला पडावं? पण मराठी अक्षरंही अशाच फायलींच्या आधाराने पडद्यावर उमटतात. आमच्या खर्डीहून कसाऱ्याकडे निघालं की दऱ्या लागतात. फारसीतून आलेला दर्या मात्र मुंबईला. ‘दऱ्या’तला अर्धा र रफार होऊन डोक्यावर चढला, तर माझ्या कवितेत घाटावरच समुद्र येतो!

लिनक्सवर ‘लोहित’ नावाचा मोफत फाँट आहे, रेड हॅट कंपनीने खुला केलेला. समजा, त्यात हा दोष निघाला. फाँट घडवणारे एक, आणि डेबियन किंवा फेडोरासाठी त्याचं पॅकेज बांधणारे दुसरे. बांधणाऱ्याने मूळ फाईलच बदलली तर आजचं काम भागेल. पण पुढच्या आवृत्तीबरोबर दुरुस्ती पुसली जाईल आणि नेमकं काय बदललं होतं, ते त्यालाही आठवणार नाही. म्हणून मूळ फाईल जशीच्या तशी ठेवायची, दुरुस्ती वेगळ्या फायलीत लिहायची आणि पॅकेज बांधताना ती लावायची.

ती लावणारा ‘पॅच’ नावाचा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला. तो नुसता ओळीचा आकडा पाहत नाही, मागच्यापुढच्या ओळीही पाहतो. मजकूर दहा ओळी खाली सरकला तरी जागा शोधून काढतो. शेजार ओळखीचा राहिला नसेल, तर ठिगळ नाकारतो. मग माणसाने ते नव्याने बेतायचं.

ठिगळं वीस-पंचवीस झाली की क्रम सांभाळावा लागतो, कारण पाचवं चौथ्यावर शिवलेलं असू शकतं. त्यासाठीच्या एका अवजाराचं नाव ‘क्विल्ट’, म्हणजे चक्क गोधडी. क्रमाची यादी ठेवायची, वरची ठिगळं एकेक उसवायची, हवं ते सुधारायचं, पुन्हा टाके घालायचे.

पण ठिगळ मूळकर्त्यांना दाखवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २००६ मध्ये डेबियनने ‘ओपनएसएसएल’ या, गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या प्रोग्राममधल्या दोन ओळी ठिगळ लावून बंद केल्या. तपासणीचं एक साधन त्यांवर तक्रार करत होतं, एवढंच कारण. मूळकर्त्यांना ओझरतं विचारलं गेलं, पण ठिगळ रीतसर तपासून घेतलं गेलं नाही. किल्लीचा अंदाज कुणाला बांधता येऊ नये, ही सोयच त्यातल्या एका ओळीवर उभी होती. मे २००८ मध्ये हे उघड झालं. तोवर तिथे एका प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या जेमतेम ३२ हजार वेगवेगळ्या किल्ल्या बनू शकत होत्या. त्या सगळ्या लावून पाहणं संगणकाला मुळीच अवघड नाही. डेबियनवर आधारलेली उबुंटूही त्यात सापडली. जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या.

ठिगळाच्या माथ्यावर ते कशासाठी, कोणाचं, मूळकर्त्यांना कळवलं का, हे नोंदवायची पद्धत आता डेबियनमध्ये आहे. त्यांनी ते स्वीकारलं की पुढच्या आवृत्तीत ते मूळ कापडातच येतं, आणि बांधणाऱ्याने आपल्या यादीतून ते ठिगळ काढून टाकायचं.