कानातले नाव आणि एकवीस दिवसांची मुदत

बाळाच्या जन्मानंतर बाराव्या दिवशी घरात पाळणा सजतो, आळीतल्या बायका जमतात, आणि पाठीवर पडणारे थट्टेचे धपके सोशीत आत्या पाळण्यावर वाकून, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन, 'कुर्र' करून त्याचे नाव सर्वांच्या आधी त्यालाच सांगते. ज्या कानात हे नाव पडले तो कान ऐकतो की नाही, अशी शंका त्या मंगल प्रसंगी कोणाच्या मनाला शिवत नाही. आणि बाळ अंगाने भरलेले, भुकेला खणखणीत रडणारे असेल, तर ती शिवावी असे दिसण्यासारखे कारणही नसते. तथापि काही थोड्या बाळांच्या बाबतीत ही शंका रास्त असते, आणि तिचे मूळ ज्या विषाणूत असते त्याचे नाव बहुतेक घरांनी कधी ऐकलेलेही नसते. सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीतला 'सीएमव्ही', तो हा विषाणू होय.

त्याची हकिकत जुनी आहे. १८८१ साली ह्यूगो रिबर्ट या जर्मन शास्त्रज्ञाला मृत जन्मलेल्या एका अर्भकाच्या मूत्रपिंडात अवाढव्य फुगलेल्या पेशी आढळल्या. घुबडाच्या डोळ्याप्रमाणे मध्ये काळा ठिपका व भोवती फिकट कडे, असे त्यांचे रूप. परंतु हा प्रकार काय असावा याचा उलगडा पुढे कित्येक दशके झाला नाही. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांत मार्गारेट स्मिथ, वॉलेस रो आणि थॉमस वेलर यांनी स्वतंत्रपणे हा विषाणू वेगळा काढला, आणि पोलिओच्या विषाणूवरील कामासाठी १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांपैकी एक असलेल्या वेलर यांनी १९६० मध्ये त्याला आजचे नाव दिले. पेशी मोठी करणारा विषाणू, एवढाच त्या लांबलचक नावाचा अर्थ.

कांजिण्या आणि नागीण ज्या विषाणूमुळे होतात त्याच्याच कुळातला हा. म्हणून एकदा शरीरात शिरला की कायमचा ठाण मांडतो, वर्षानुवर्षे निजून राहतो आणि मधूनमधून जागा होतो. धडधाकट माणसाला त्याचा उपद्रव थोडासा ताप आणि मरगळ यापलीकडे क्वचितच जाणवतो. भारतात शंभरांतील नव्वदांहून अधिक स्त्रियांना मातृत्वाच्या वयापूर्वीच, बहुधा बालपणीच, त्याची बाधा होऊन गेलेली असते. गरोदरपणात पहिल्यानेच बाधा झाली, तर शंभरांतील तीस ते चाळीस गर्भांपर्यंत तो वारेतून पोहोचतो, आणि पहिल्या तिमाहीत पोहोचल्यास सर्वाधिक हानी करतो. बाधा जुनी असेल, तर हेच प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उतरते. यावरून आपल्याकडे या रोगाची धास्ती नको, असा निष्कर्ष वाचक काढील. पण हिशेब इथेच उलटतो, कारण लहान प्रमाण फार मोठ्या संख्येला लागू झाले की बेरीज लहान राहत नाही, आणि म्हणूनच आपल्यासारख्या देशांत बाधित बाळांपैकी बहुसंख्य बाळे पूर्वी बाधा होऊन गेलेल्या मातांच्याच पोटी जन्मतात.

पाश्चात्त्य देशांत सुमारे दोनशे नवजातांमागे एक बाळ ही बाधा घेऊन जन्मते. त्यांतील साधारण दहा टक्क्यांच्या अंगावर जन्मतःच खुणा दिसतात: लहान डोके, त्वचेवर रक्ताचे बारीक ठिपके, कावीळ, वाढलेले यकृत आणि प्लीहा. उरलेली नव्वद टक्के बाळे निरोगी दिसतात, आणि खरी फसगत त्यांच्याच बाबतीत होते. कारण त्यांतील दहा ते पंधरा टक्क्यांची श्रवणशक्ती कालांतराने उणावते, काहींची तर जन्मावेळच्या कानाच्या तपासणीत उत्तीर्ण झाल्यावर, दोन-तीन वर्षांनी. मूल बोलत नाही, तेव्हा 'याचा बापही उशिराच बोलला' असे आजी म्हणते, आणि उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात.

निदानाची रीत सोपी आहे, पण तिला मुदत आहे. बाळाची लाळ किंवा लघवी पीसीआर पद्धतीने तपासली की विषाणू सापडतो. मात्र ही तपासणी जन्मापासून एकवीस दिवसांच्या आत व्हावी लागते. कारण असे की, प्रसूतीच्या वेळी किंवा आईच्या दुधातूनही हा विषाणू बाळाला मिळू शकतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याचा सहसा काही अपाय नसतो, आणि त्यासाठी अंगावरचे दूध तोडण्याचे कारणही नसते. परंतु अशी बाधा लघवीत उमटायला तीनेक आठवडे लागतात. त्याआधी जो विषाणू सापडला तो गर्भातलाच, हे निर्विवाद. त्यानंतर सापडला तर तो केव्हाचा, याचा दाखला नुसत्या लघवीवरून कोणी देऊ शकत नाही. दिवाणी दाव्याप्रमाणे हा पुरावाही मुदतबाह्य होतो.

याउलट, गरोदरपणी आपल्याकडे सर्रास सांगितली जाणारी 'टॉर्च' नावाची रक्ततपासणी नावाप्रमाणे वाट दाखवण्याऐवजी पुष्कळदा डोळेच दिपवते. तिच्यातील आयजीजी या प्रतिपिंडाचा होकार म्हणजे केवळ जुनी ओळख. आयजीएम या दुसऱ्या प्रतिपिंडाचा होकारही कित्येक महिने रेंगाळतो किंवा खोटाच निघतो. तेवढ्या कागदावरून घाबरून गर्भाविषयी निर्णय घेऊ नये. बाधा नवी की जुनी हे ठरवण्यासाठी अ‍ॅव्हिडिटीची तपासणी असते, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

उपायही आहेत. लक्षणे असलेल्या बाळाला पहिल्या महिन्यात व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर हे औषध सुरू करून सहा महिने दिल्यास ऐकण्यात आणि वाढीत माफक पण निश्चित लाभ होतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले; मात्र त्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशींवर नजर ठेवावी लागते. गरोदर स्त्रीसाठी मोठा उपाय घरातच आहे. तान्ह्या-रांगत्या मुलांच्या लाळेत आणि लघवीत हा विषाणू महिनोन्महिने असतो; तेव्हा थोरल्याच्या ताटलीत उरलेला वरणभात 'वाया कशाला घालवायचा' म्हणून आईने तोंडात टाकू नये, त्याचा चमचा आपल्या तोंडी लावू नये, लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि पापा ओठांचा न घेता कपाळाचा घ्यावा. उष्ट्याखरकट्याचा जो विधिनिषेध पाहुण्यांपुढे आपण काटेकोर पाळतो, तो आईचे लेकराशी नाते आले की सुटतो. गरोदरपणाचे नऊ महिने तो पाळावा, इतकेच मागणे. आणि एवढे करूनही बाधा झालीच, तर ग्रहणात विळी हाती धरल्याचा आरोप जसा निराधार, तसाच हाही दोष आईच्या माथी मारणे अन्यायाचे होय.

जन्मजात बहिरेपणाचा समावेश असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत त्याआधी कित्येक वर्षांपासून श्रवणदोषाचे काम चालू आहे. म्हणजे दार आहे. ते वेळेवर ठोठावायचे आहे. बाळ जन्मावेळच्या कानाच्या तपासणीत नापास झाले, तर 'पुढच्या खेपेला पाहू' असे म्हणून घरी परतू नये. बेरा या पुढच्या श्रवणतपासणीची तारीख घ्यावीच, पण त्याच दिवशी लघवीच्या तपासणीविषयीही विचारावे. बारसे बाराव्या दिवशी असते. त्यानंतर मुदतीचे नऊच दिवस उरतात.