विहिरीतून थेट समुद्रात! स्कूबा शिकायचंय? मग आधी हे वाचा

दोस्तांनो, आपल्या जळगाव-धुळ्याला समुद्र नाही. आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते खरी, पण तिच्या मागोमाग आपल्याला थोडंच जाता येतं? आपला समुद्र म्हणजे मळ्यातली विहीर. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, काका किंवा मामा काठावर उभा राहणार, आणि धप्प! मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की रावेर-यावलपासून शिरपूर-शिंदखेड्यापर्यंत हाच खेळ.

पण हल्ली आपल्याकडचीही बरीच कुटुंबं सुटीत थायलंड, बाली, मालदीवला निघतात. सहलीच्या माहितीपत्रकात एक फोटो हमखास असतो. निळंशार पाणी, पाठीवर टाकी आणि भोवती रंगीत मासे. खाली लिहिलेलं असतं, 'स्कूबा डायव्हिंग'. झालं! घरात हट्ट सुरू. "आई, मला हे करायचंच!"

करा की! पण मासे पाहायला जाणं आणि पाण्याखाली श्वास घ्यायला शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकायचं असेल तर कुठे, कुणाकडे आणि केव्हा, हे घरूनच ठरवून निघायला हवं.

विहिरीच्या तळाशी कान का दुखतात?

विहिरीत बुडी मारून तळाची माती आणायची पैज तुम्ही लावली असेल. खाली जाताना कान ठणकतात ना? तो पाण्याचा दाब. दर १० मीटर खोलीला हा दाब एका वातावरणाइतका वाढतो. जमिनीवर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन.

आता एक रिकामा पेला पालथा धरून १० मीटर खाली नेला अशी कल्पना करा. आतली हवा दाबली जाऊन निम्म्या जागेत मावेल, उरलेल्या निम्म्यात पाणी शिरेल. पेला वर आणला की हवा पुन्हा फुगेल. रॉबर्ट बॉइलनं १६६२ मध्ये मांडलेला नियम तो हाच!

विहिरीत तुम्ही काठावरचीच हवा छातीत भरून खाली जाता. स्कूबात मात्र टाकीतली हवा तुम्ही खालीच घेता, आणि तीही तिथल्या दाबाची. जाक्-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंचांनी १९४३ मध्ये जे उपकरण बनवलं, त्याची करामत हीच. जेवढा दाब, तेवढ्या दाबाची हवा ते तोंडात देतं. पण १० मीटरवर छाती भरून घेतली आणि श्वास कोंडून वर आलात तर? ती हवा दुप्पट फुगू पाहील आणि फुप्फुसाला इजा होईल. जिवावरसुद्धा बेतू शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम आहे : श्वास कधीही कोंडायचा नाही. आणि विहिरीत पोहणाऱ्याची पहिली सवय कोणती? श्वास कोंडण्याची! म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही इथे नव्यानं शिकावंच लागतं, बरं का.

'करून पाहणं' आणि 'शिकणं'

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ किंवा परदेशातल्या एखाद्या बेटावर अर्ध्या-पाऊण तासाचं स्कूबा मिळतं. थोडं समजावून सांगतात आणि प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो. मजा येते, फोटो मिळतो. पण हा अभ्यासक्रम नव्हे. झोक्यात बसलं म्हणून विमान चालवता येत नाही, तसंच हे!

खरा पहिला अभ्यासक्रम म्हणजे 'ओपन वॉटर डायव्हर'. पॅडी, एसएसआय यांसारख्या जागतिक संस्थांचं प्रमाणपत्र त्यानंतर मिळतं आणि ते जगभर चालतं. त्याचे तीन भाग असतात. आधी पुस्तकी अभ्यास आणि परीक्षा, मग तलावातल्या उथळ पाण्यात सराव, आणि शेवटी समुद्रात चार बुड्या. साधारण तीन-चार दिवस लागतात. चष्म्यात पाणी शिरलं तर ते काढणं, तोंडातली नळी सुटली तर शोधून परत घेणं, हवा संपली तर जोडीदाराच्या टाकीतून घेणं, हे सगळं तिथे हातानं करून दाखवावं लागतं.

माझं वय पुरेल का?

पॅडीच्या नियमांनुसार आठव्या वर्षी तलावात दोन मीटरपर्यंत नुसती ओळख करून घेता येते. दहाव्या वर्षापासून 'ज्युनियर' अभ्यासक्रम. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटरपर्यंतच, तेही पालक किंवा प्रशिक्षकासोबत. बारा ते चौदा वयाच्यांना १८ मीटरपर्यंत, प्रमाणपत्र असलेल्या मोठ्या माणसासोबत. पंधराव्या वर्षी पूर्ण प्रमाणपत्र.

पोहता यायलाच हवं. न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगणं, अशी परीक्षा असते. २५ मीटरच्या तलावात आठ लांब्या! वेळेचं बंधन नाही, म्हणून घाबरू नका. तयारी मात्र आत्ताच, आपल्या गावच्या तलावात सुरू करा.

शिकायचं कुठे?

तीन वाटा आहेत. पहिली, सगळं परदेशात शिकायचं. पण पाच दिवसांच्या सहलीतले चार दिवस त्यात जातील, आणि धाकट्या भावानं काय करायचं? दुसरी, सगळं इथेच शिकायचं. मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. गोवा आणि अंदमानातही शिकवतात. तिसरी, अभ्यास आणि तलावातला सराव इथे करायचा, आणि प्रशिक्षकाकडून तसं पत्र घेऊन समुद्रातल्या चार बुड्या तिकडे मारायच्या. त्या पत्राला मुदत असते, ती आधीच विचारून घ्या.

आम्हाला विचाराल तर पहिल्यांदा शिकणाऱ्यानं दुसरी नाहीतर तिसरी वाट धरावी. का? तर भाषेसाठी! पाण्याखाली सगळं खुणांनी चालतं, पण त्या खुणांचा अर्थ काठावरच समजून घ्यायचा असतो. परक्या देशात, परक्या उच्चारांच्या इंग्रजीत प्रशिक्षक भराभर सांगतो. चारचौघांत "पुन्हा सांगा" म्हणायची लाज वाटते आणि आपण नुसतीच मान डोलावतो. वर्गात ते चालून जातं. पाण्यात नाही! जे मराठी-हिंदीत बिनधास्त विचारता येतं, ते आधी इथेच विचारून घ्या.

मालवणला जायला कुडाळ आणि कणकवली ही जवळची स्टेशनं. जळगाव-भुसावळवरून जाणारी मंगला एक्स्प्रेस कोकण रेल्वेनंच पुढे केरळकडे जाते. गाडी कुठे थांबते ते वेळापत्रकात पाहा. पावसाळ्यात मात्र तिथली स्कूबा बंद असते.

पैसे भरण्याआधी हे विचारा

१. हे नुसतं करून पाहणं आहे की प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम?
२. प्रशिक्षकाचा क्रमांक काय? (संबंधित संस्थेकडे तो तपासता येतो.)
३. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी? जितके कमी तितकं बरं.
४. लहान मापाचा चष्मा, पोशाख आणि पायातले पंख आहेत का?
५. तलावात सराव किती वेळ? एखादी गोष्ट नाही जमली तर पुन्हा संधी मिळेल का?
६. बोटीवर ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराचं सामान असतं का?
७. पैशांत काय-काय आलं? सामान, बोट, पुस्तक, प्रमाणपत्र?

उत्तर द्यायला कंटाळणाऱ्या माणसाकडे शिकायला जाऊ नका. सगळ्यात स्वस्त कोण, हा प्रश्न आठवा!

आई-बाबांसाठी

प्रकृतीचा फॉर्म खरा भरा. दमा, फिट येणं, कानाचा जुना त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच दाखवा, म्हणजे तिकडे जाऊन हिरमोड होणार नाही. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी पाण्यात जायचं नाही, पैसे भरलेले असले तरीही. प्रवासाच्या विम्यात स्कूबा धरलंय का, आणि किती खोलीपर्यंत, ते वाचून घ्या.

परतीचं विमानही लक्षात ठेवा. खोल पाण्यात शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. लगेच उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होतात. अनेक बुड्या मारल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्या. पूर्ण दिवस ठेवलात तर उत्तमच. मालवणहून घरी येताना उंच घाट चढायचा असेल तरी घाई नको.

एक खूण, एक गणित

अंगठा वर केला की आपण म्हणतो, "झकास!" पाण्याखाली त्याचा अर्थ "वर चला" असा होतो. झकाससाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आणि ही वर जायची खूण कुणीही, केव्हाही, कारण न सांगता करू शकतो. दहा वर्षांच्या मुलानं केली तरी सगळ्यात अनुभवी माणसानंही ती मानायची, असा रिवाज आहे. कान दुखले, भीती वाटली, मन नाही म्हणालं, तर अंगठा वर करा आणि सावकाश, श्वास घेत-सोडत वर या. मित्र काय म्हणतील, याचा विचार तेव्हा करायचा नाही. मासे उद्याही तिथेच असतात!

आता गणित. १२ लिटरच्या टाकीत २०० पट दाबानं हवा भरली, म्हणजे २४०० लिटर झाली. त्यातली पाव हवा शिल्लक ठेवूनच वर यायचं. जमिनीवर तुम्हाला मिनिटाला २० लिटर लागत असेल, तर १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर लागेल. १८०० भागिले ४०, म्हणजे ४५ मिनिटं. मग १५ मीटरवर किती?

(उत्तर : दाब अडीचपट, म्हणून मिनिटाला ५० लिटर. १८०० भागिले ५०, म्हणजे ३६ मिनिटं. पण खऱ्या पाण्यात दमलेला किंवा घाबरलेला माणूस जास्त हवा ओढतो. तेव्हा तिथे पाठ केलेल्या आकड्यावर न विसंबता टाकीच्या मीटरवर नजर ठेवायची!)